टायनी कोअरमध्ये हवे ते बदल, पण मूळ फायलींना हात न लावता

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या वाचनालयात ६ जुने पीसी आहेत, १ जीबी रॅमचे, त्यांच्यावर टायनी कोअर लिनक्स ही अगदी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. प्रश्न विचारणाऱ्यांनी कोअर.जीझेड ही मूळ फाइल उघडून तिच्यातच मराठी फॉन्ट, वॉलपेपर, भारतीय वेळ, वायफायचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी फाइल) असं सगळं घातलं आणि परत पॅक केलं. चाललं. आता नवी आवृत्ती घ्यायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागतंय, शिवाय दोन मशीन बूट होताना मध्येच अडकतात आणि ते मूळ सिस्टिममुळे की आपण घातलेल्या सामानामुळे हेच कळत नाहीये. तर कोअर.जीझेडला हात न लावता हे सगळं जमेल का, आणि कुठली गोष्ट कुठे ठेवायची?

जमेल, तुम्ही लिहिलेल्यातलं सगळं जमेल. (फायलींची नावं मी देवनागरीत लिहितेय, मशीनवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत आहेत, ते तुमच्या लक्षात येईलच.)

आधी एक सांगते, कोअर.जीझेड उघडून परत बांधणं हा काही गुन्हा नाही, रीमास्टर करणं ही रीतसर पद्धत आहे आणि काही ठिकाणी तीच बरोबर असते. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे, तुमचे बदल आणि मूळ सिस्टिम एकाच फायलीत मिसळलेत, त्यामुळे मशीन अडकलं की संशय कोणावर घ्यायचा हेच ठरत नाही. माझ्या मते मूळ फाइल अस्पर्श ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की कधीही एका मिनिटात आपलं सगळं बाजूला काढून नुसती मूळ सिस्टिम चालवून बघता येते. अपडेट सोपं होणं हा त्याच्यासोबत येणारा दुसरा फायदा. मी शाळा आणि वाचनालयांची जुनी मशीन बघते, तिथे फोनवरून कोणाला तरी सांगून दुरुस्ती करायची असते, आणि तेव्हा हा पहिला फायदा खरा कामाला येतो.

आता टायनी कोअर उभं कसं राहतं ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. रॉबर्ट शिंगलडेकर यांनी २००८ मध्ये हे सुरू केलं, त्याआधी ते डॅम स्मॉल लिनक्सवर काम करायचे, आणि कल्पना अशी की प्रत्येक वेळी मशीन चालू केलं की सिस्टिम कोरी करकरीत मिळाली पाहिजे. बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, दोन फायली रॅममध्ये आणतो, एक कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि एक कोअर.जीझेड. कोअर.जीझेड रॅममध्ये उलगडतं आणि तीच तुमची मूळ फाइलसिस्टिम होते, डिस्कवरच्या मूळ फायलीत चालू सिस्टिम काही लिहीत नाही. त्यानंतर सिस्टिम डिस्कवर टीसीई नावाचं फोल्डर शोधते, त्यातल्या ऑनबूट.एलएसटी यादीत जी एक्स्टेन्शन (जास्तीच्या प्रोग्रामच्या फायली) लिहिलीत ती जोडते, बॅकअपची फाइल असेल तर ती उलगडते, आणि शेवटी ऑप्ट या फोल्डरातली बूटलोकल नावाची स्क्रिप्ट चालवते. म्हणजे मूळ फाइल सोडून आपलं काही आत घालायला बऱ्याच जागा मुळातच ठेवलेल्या आहेत. कोअर.जीझेडमध्ये शिरायची गरज बहुतेक वेळा या जागा माहीत नसल्यामुळे पडते.

कुठला बदल कुठल्या जागी, हे ठरवताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारते: हे किती वेळा बदलणार, आणि सगळ्या मशीनवर एकसारखं आहे का. उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी एकटा माणूस एक लॅपटॉप वापरतोय तर वेगळं, आणि वाचनालयात दिवसभर येणारी जाणारी मुलं वापरतायत तर अगदी वेगळं. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे म्हणून त्याकडे झुकतं सांगते.

सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे बूटकोड. बूटलोडरच्या कॉन्फिग फायलीत कर्नलच्या ओळीवर जे शब्द लिहितो ते. तुम्ही वेळेसाठी कोअर.जीझेड उघडलंत, त्याची काहीच गरज नव्हती, टीझेड हा बूटकोड आहे, त्याला बरोबरच्या चिन्हानंतर आयएसटी, मग वजा ५:३० द्यायचं. हो, वजा. आपण ग्रिनिचच्या पुढे आहोत म्हणून बरेच जण अधिक लिहितात आणि मग घड्याळ ११ तास मागे दिसतं. या लिहिण्याच्या पद्धतीत चिन्ह उलटं असतं, पूर्वेकडच्यांना वजा. आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच पुढे पळत असेल तर त्या मशीनवर आधी विंडोज होतं आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) स्थानिक वेळ बसलीय असं समजा, त्याला नोयूटीसी हा बूटकोड. मशीनचं नाव होस्ट या कोडने देता येतं, म्हणजे सहाही मशीनवर बाकी सगळं एकसारखं आणि फक्त ही एक ओळ वेगळी. वॉलपेपरलाही बीकेजी नावाचा कोड आहे, चित्र ऑप्टमधल्या बॅकग्राउंड्स फोल्डरात असलं की झालं. पेनड्राइव्हवरून बूट करत असाल तर वेटयूएसबी ५ सेकंद द्या, नाहीतर पेनड्राइव्ह ओळखायच्या आधीच सिस्टिम टीसीई फोल्डर शोधून मोकळी होते आणि तुम्हाला वाटतं की एक्स्टेन्शन उडाली. जुन्या मशीनचा आणखी एक हमखास त्रास म्हणजे मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो, तारीख कुठल्या कुठे गेलेली असते आणि मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटला सर्टिफिकेटची तक्रार करत बसतो. यावर बूटलोकलमध्ये नेटवर्क आल्यावर वेळ आणायची एक ओळ टाकता येते, पण खरं सांगायचं तर सेल बदला, किरकोळ खर्च आहे.

दुसरी जागा एक्स्टेन्शन, म्हणजे टीसीझेड फायली. तुमचं बहुतेक सामान इथे गेलं पाहिजे. टीसीझेड म्हणजे स्क्वॉशएफएस नावाच्या फॉरमॅटमध्ये दाबून बसवलेलं एक फोल्डर, फक्त वाचता येणारं. सिस्टिम ते टेम्पमधल्या टीसीलूप फोल्डरात जोडते आणि आतल्या प्रत्येक फायलीची लिंक मूळ झाडात टाकते. म्हणून १ जीबी रॅममध्येही बरंच काही लावता येतं, कारण फाइल डिस्कवरच राहते आणि लागेल तेवढीच वाचली जाते. (कॉपीटूएफएस नावाची खुणेची फाइल टीसीई फोल्डरात ठेवली तर सगळं रॅममध्ये कॉपी होतं, त्याने वेग वाढतो, पण तुमच्याकडे १ जीबीच आहे, ब्राउझरला जागा लागणार, तर ते करू नका. पेनड्राइव्ह लावून बूट करून काढून घ्यायचा असेल तरच त्याचा विचार करा.)

वायफायचं फर्मवेअर तुम्ही हाताने घातलंत, पण टायनी कोअरच्या रेपॉझिटरीत (एक्स्टेन्शनच्या ऑनलाइन साठ्यात) कार्डांच्या कंपनीनुसार फर्मवेअरची तयार एक्स्टेन्शन आहेत, आणि वायरलेसचे कर्नल मोड्यूल (ड्रायव्हर) वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये आहेत ज्याच्या नावात शेवटी कर्नल असा शब्द येतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर कर्नल बदलतो, १४ मध्ये ६.१ होता, १५ मध्ये ६.६, १६ मध्ये ६.१२, आणि मोड्यूल त्या त्या कर्नललाच चालतात. ऑनबूटच्या यादीत नेमका आकडा न लिहिता कर्नल हा शब्द तसाच ठेवलात तर सिस्टिम स्वतः चालू कर्नलचा आकडा तिथे लावून घेते, यादीला हात लावायला नको. फायली मात्र नव्या आवृत्तीच्या डाउनलोड कराव्याच लागतात, ते चुकत नाही. तुम्ही मोड्यूलसुद्धा कोअर.जीझेडच्या आत घातले असतील आणि त्या दोन मशीनवर कर्नल फाइल दुसऱ्या आवृत्तीची राहून गेली असेल तर वायफाय मिळणारच नाही, हे एकदा तपासाच.

स्वतःची टीसीझेड बनवणं लोकांना अवघड वाटतं आणि म्हणून ते कोअर.जीझेड उघडायला जातात, खरं तर ती त्याहून सोपी आहे. एक रिकामं फोल्डर घ्या, त्याच्या आत फायली जिथे जायला हव्यात तसंच झाड उभं करा, यूएसआर, त्यात लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स, असं. स्क्वॉशएफएस टूल्सचं एक्स्टेन्शन लावून एमकेस्क्वॉशएफएस कमांडने ते फोल्डर दाबून टीसीझेड करा, टीसीईच्या ऑप्शनल फोल्डरात ठेवा, ऑनबूट.एलएसटीमध्ये त्याचं नाव एका ओळीत लिहा. झालं. दुसऱ्या एक्स्टेन्शनची गरज असेल तर त्याच नावाची एक डेप फाइल शेजारी ठेवून त्यात त्यांची नावं लिहा. आणि जोडल्या जोडल्या काही करायचं असेल, उदाहरणार्थ फॉन्टची यादी ताजी करायला एफसी-कॅश चालवायचं असेल, तर यूएसआर लोकलमधल्या टीसीई.इन्स्टॉल्ड फोल्डरात एक्स्टेन्शनच्या नावाची स्क्रिप्ट ठेवायची, ती आपोआप चालते. त्या फोल्डराचा ग्रुप स्टाफ आणि परवानगी ७७५ हवी, नाहीतर पुढची एक्स्टेन्शन तिथे स्वतःची फाइल ठेवताना कुरकुरतात.

मी प्रत्येक संस्थेसाठी अशी एकच टीसीझेड करते आणि तिच्यात त्या संस्थेचं म्हणून जे काही असेल ते सगळं घालते, फॉन्ट, वॉलपेपर, ब्राउझरचं मुख्य पान, छोट्या स्क्रिप्ट. बदल करायचा झाला की एका मशीनवर नवी फाइल बांधायची, चालवून बघायची, पेनड्राइव्हवरून बाकीच्यांच्या ऑप्शनल फोल्डरात टाकायची. जुनी फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवून द्यायची, नवीन बिघडली तर यादीतली एक ओळ बदलली की मागे येता.

मराठीबद्दल एक अपेक्षा आधीच स्पष्ट करते. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट बसवला, एफसी-लिस्टमध्ये दिसला, ब्राउझरमध्ये मराठी सुरेख आली, तरी टायनी कोअरच्या स्वतःच्या पॅनेलच्या अवजारांत वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसू शकतात. ती अवजारं एफएलटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर बांधलेली आहेत आणि तिथे अक्षरं जुळवण्याचं काम पँगो आणि हार्फबझसारख्या लायब्ररी करतात तसं होत नाही. फॉन्ट बदलत बसून ते सुटणार नाही, तर फायलींची आणि मेनूची नावं तिथे इंग्रजीतच राहू द्या आणि मराठी लिहायला जीटीके या दुसऱ्या लायब्ररीवरचा एडिटर द्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठी सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्ड बदलायच्या कमांडची ओळ होम फोल्डरातल्या .एक्स.डी या फोल्डरात एका छोट्या फायलीत ठेवा, तिथलं सगळं डेस्कटॉप चालू होताना आपोआप चालतं.

तिसरी जागा बॅकअप, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. ऑप्टमध्ये .फाइलटूल.एलएसटी अशी यादी असते, तिच्यात लिहिलेल्या फायली आणि फोल्डर बंद होताना मायडेटा.टीजीझेडमध्ये बांधले जातात आणि पुढच्या बूटला परत उलगडले जातात. सुरुवातीला यादीत ऑप्ट आणि होम एवढंच असतं. मग कोणीतरी ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरातली एखादी फाइल बदलतो, रीबूटनंतर ती पूर्ववत झालेली दिसते, आणि इंटरनेटवर कोणीतरी सुचवतं की यादीत अख्खं ईटीसी टाका म्हणजे कटकट मिटली. हे कृपा करून करू नका. आज कटकट मिटते, पण उद्या तुम्ही नवी आवृत्ती टाकता तेव्हा नव्या सिस्टिमच्या ईटीसीवर तुमच्या जुन्या ईटीसीची प्रत पसरते, नव्या स्टार्टअप स्क्रिप्टच्या जागी जुन्या येतात, आणि मशीन अशा तऱ्हेने बिघडतं की मूळ फाइल कोरी असूनही काही कळत नाही. म्हणजे कोअर.जीझेडला हात न लावतासुद्धा मिसळण्याची तीच चूक मागच्या दाराने होते. ईटीसीमधून जी नेमकी फाइल बदललीत तीच एक लिहा, पूर्ण मार्गासकट, सुरुवातीची तिरपी रेघ न देता. आणि जमत असेल तर फाइलच ठेवू नका, बूटलोकलमध्ये एक ओळ लिहा जी त्या फायलीत हवी ती भर घालेल. पूर्ण फायलीची प्रत जुनी होते, एका ओळीची भर सहसा होत नाही.

एक्स्टेन्शनमधून आलेल्या कॉन्फिग फायलींचं आणखी निराळं. ती फाइल उघडून बदलायला गेलात तर रीड-ओन्ली असा एरर येतो आणि रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊनही लिहिता येत नाही, कारण ती नुसती लिंक आहे आणि खरी फाइल त्या दाबलेल्या टीसीझेडमध्ये आहे. अशा वेळी लोक ती टीसीझेड उलगडून, बदलून परत बांधतात. नको. ते एक्स्टेन्शन अपडेट झालं की तुमचा बदल गेला. त्याऐवजी बदललेली प्रत ऑप्टमध्ये किंवा तुमच्या संस्थेच्या टीसीझेडमध्ये ठेवा आणि बूटलोकलमध्ये ती लिंक काढून त्या जागी प्रत ठेवायची ओळ लिहा. बूटलोकल चालते तोवर ऑनबूटमधली एक्स्टेन्शन लागलेली असतात, म्हणून हा क्रम जमतो.

बॅकअपची फाइल फुगत जाते हेही बघा. ब्राउझरची कॅश होममध्ये साठते, ती रोज बांधली उलगडली जाते, आणि महिन्याभराने बूटला एवढा वेळ लागतो की लोक म्हणतात टायनी कोअर हळू झालं. वगळायची यादी .एक्सफाइलटूल.एलएसटीमध्ये असते, कॅश तिथे टाका. आणि खरंच मोठा डेटा असेल, स्कॅन केलेली पुस्तकं, फोटो, तर बॅकअपमध्ये नकोच, होम या बूटकोडने होम फोल्डर सरळ डिस्कच्या पार्टिशनवर बसवा. तसं केल्यावर फाइलटूलच्या यादीतून होम काढायचं विसरू नका, नाहीतर सगळा डेटा बॅकअपमध्येही कोंबला जाईल. सेफबॅकअप असाही एक बूटकोड आहे, त्याने आधीचा बॅकअप वेगळ्या नावाने शिल्लक राहतो, घरच्या मशीनवर मी तो नेहमी लावते.

पण तुमच्या वाचनालयाला मी बॅकअपच बंद करायला सांगेन. मुलं वॉलपेपर बदलतात, पॅनेल हलवतात, ब्राउझरमध्ये लॉगिन तसंच सोडून जातात. नोरिस्टोअर हा बूटकोड लावला की बॅकअप उलगडलाच जात नाही, बंद करताना कोणी बॅकअपवर क्लिक केलं तरी पुढच्या बूटवर त्याचा परिणाम नाही. मशीन चालू केलं की रोज सकाळी तेच स्वच्छ डेस्कटॉप, आदल्या दिवशीच्या कोणाचं काही उरलेलं नाही. वीज गेली, कोणी बटण दाबून बंद केलं, तरी दिवसभरात डिस्कवर जवळपास काही लिहिलंच गेलेलं नसतं. सार्वजनिक मशीनसाठी यापेक्षा चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

मग प्रश्न येतो की बॅकअप नाही तर होममधल्या सेटिंग आणि बूटलोकल कुठून येणार? यासाठी चौथी जागा आहे आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर हीच आहे. लिनक्सचा कर्नल एकापेक्षा जास्त इनिटआरडी फायली, म्हणजे कोअर.जीझेडसारख्या सुरुवातीलाच रॅममध्ये उलगडणाऱ्या फायली, घेतो. एकामागोमाग एक उलगडतो, आणि नंतरच्या फायलीत तेच नाव असेल तर नंतरचं टिकतं. म्हणजे कोअर.जीझेड तशीच ठेवायची, तिच्या शेजारी आपली एक छोटी फाइल, समजा वाचनालय.जीझेड, आणि बूटलोडरच्या इनिटआरडीच्या ओळीवर आधी कोअर.जीझेड, मग आपली. एक्स्टलिनक्स, सिसलिनक्समध्ये दोन्ही नावांमध्ये स्वल्पविराम, मोकळी जागा न सोडता. ग्रब २ मध्ये नुसती मोकळी जागा. ती फाइल बांधायची पद्धत तुम्हाला येतेच, कोअर.जीझेड परत बांधताना सीपीआयओ आणि जीझिप या कमांड वापरल्यात त्याच, न्यूसी फॉरमॅटमध्ये. फक्त फोल्डरात अख्खी सिस्टिम नसून तुमच्या मोजक्या फायली असतील. ईटीसीमधलं स्केल फोल्डर, ज्याच्यावरून युजरचं होम तयार होतं, त्यात तुमच्या डेस्कटॉपच्या सेटिंग आणि ती .एक्स.डीची फाइल, आणि ऑप्टमध्ये तुमची बूटलोकल. अशी फाइल काही केबीची होते.

ही बांधताना एकाच गोष्टीची काळजी घ्या, फोल्डरांच्या मालकीची. सीपीआयओमध्ये ईटीसी हे फोल्डर तुमच्या टीसी युजरच्या नावावर गेलं तर कर्नल उलगडताना मूळ ईटीसीची मालकी आणि परवानगीसुद्धा तशीच करून टाकतो, फायली न बदलता नुसत्या फोल्डरचे गुण बदलतात, आणि मग एसएसएच किंवा सुडो भलत्याच तक्रारी करतात. म्हणून झाड रूट होऊन उभं करा, मालक रूट, फोल्डरांना ७५५, बूटलोकलला चालवायची परवानगी, हे बांधायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाला. वायफायचा पासवर्ड वायफाय.डीबी या फायलीत होममध्ये साधा वाचता येईल असा असतो, तो स्केलमध्ये घातलात तर मशीनवर बसणारा कोणीही वाचू शकतो. वाचनालयाच्या राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर तेच द्या, किंवा ६ मशीन एकाच खोलीत असतील तर सरळ केबल ओढा, त्याने अर्धे प्रश्न मिटतील.

आतापर्यंतचं तुमच्या बाबतीत असं बसतं: वेळ, मशीनचं नाव आणि नोरिस्टोअर बूटकोडमध्ये, वायफाय, फर्मवेअर, ब्राउझर रेपॉझिटरीतल्या एक्स्टेन्शनमध्ये, फॉन्ट आणि वॉलपेपर तुमच्या स्वतःच्या टीसीझेडमध्ये, होमच्या सेटिंग आणि बूटलोकल दुसऱ्या इनिटआरडीत, मोठी पुस्तकं वगैरे असतील तर वेगळ्या पार्टिशनवर. वॉलपेपर टीसीझेडमध्ये असेल तर बीकेजीचा कोड वापरू नका, चित्र लावायची ओळ .एक्स.डीमध्येच घाला, दोन ठिकाणी एकच गोष्ट ठरवली की पुढे कोणाचं चालतंय ते शोधत बसावं लागतं.

कोणीतरी पपी या दुसऱ्या हलक्या लिनक्सबद्दल विचारेलच म्हणून तेही सांगते. पपी लिनक्समध्येही हेच तत्त्व आहे, मांडणी वेगळी. तिथे मूळ एसएफएस (स्क्वॉशएफएसमध्ये दाबलेली) फाइल खाली असते, तिच्यावर वायड्राइव्ह आणि एड्राइव्ह नावाच्या एसएफएस ठेवता येतात आणि सगळ्यात वर तुमची सेव्ह फाइल किंवा सेव्ह फोल्डर, आणि वरच्या थरातली फाइल खालच्या थरातल्या त्याच नावाच्या फायलीला झाकते. संस्थेचे बदल यांपैकी एकात घालावेत. नंतर लोड केलेल्या जास्तीच्या एसएफएस मात्र मूळ थराच्या खाली लागतात, त्यामुळे मूळ फाइल बदलायची म्हणून केलेला एसएफएस तसा लोड केला तर काहीच फरक दिसत नाही आणि माणूस चक्रावतो. दुसरं, चालू सिस्टिममध्ये मूळ थरातली फाइल डिलीट केलीत तर ती खरी जात नाही, वरच्या थरात तिला लपवणारी एक खूण तयार होते, थर जोडायला एयूएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर नावापुढे डब्ल्यूएच लागलेली लपलेली फाइल. अपडेटनंतर ती खूण तशीच राहते आणि नव्या आवृत्तीत असलेली फाइलसुद्धा गायब दिसते. जुनी सेव्ह फाइल घेऊन नव्या पपीवर गेल्यावर काहीतरी सापडेनासं झालं तर सेव्हमध्ये या खुणा आधी शोधा. पीफिक्स रॅम हा कोड देऊन बूट केलं की सेव्ह बाजूला राहते, तपासायला तोच वापरायचा. १ जीबीवर पपी डेस्कटॉप म्हणून जास्त भरलेलं आणि सोयीचं वाटेल, पण ६ एकसारख्या सार्वजनिक मशीनना मला टायनी कोअरची पद्धत जास्त आवडते, कारण तिथे काय काय लावलंय ते एका यादीत वाचता येतं. ब्राउझर मात्र दोन्हीकडे तोच आहे आणि तो १ जीबीत जड साइटवर अडखळणारच, सिस्टिम कितीही हलकी केली तरी वेबपानं हलकी होत नाहीत. रॅमची जागा रिकामी असेल तर जुनी १ जीबीची पट्टी मिळवून टाका.

आता तुमच्या आत्ताच्या बदललेल्या कोअर.जीझेडमधून बाहेर कसं यायचं. ती टाकून देऊ नका, तिच्यात तुम्ही काय काय केलंय त्याची तीच एक नोंद आहे. तुम्ही ज्या आवृत्तीवरून सुरुवात केली नेमकी त्याच आवृत्तीची कोरी कोअर.जीझेड परत उतरवा, एमडी५ (फाइल नीट उतरली का ते ओळखायचा आकडा) जुळवून घ्या, आणि रूट होऊन दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरांत उलगडा. मग डिफ ही फरक दाखवणारी कमांड आतल्या फोल्डरांसकट चालवा. जे फरक दिसतील तेवढेच तुमचे बदल, ती यादी हातात घेऊन एकेक ओळ वर सांगितलेल्या जागी लावत जा. आवृत्ती दुसरी घेतलीत तर शेकडो फरक दिसतील आणि त्यातले आपले कुठले ते ओळखता येणार नाहीत.

आणि त्या दोन अडकणाऱ्या मशीनसाठी बूटलोडरमध्ये एक जास्तीची नोंद कायमची करून ठेवा, कोरी कोअर.जीझेड एकटीच, सोबत बेस आणि नोरिस्टोअर हे दोन कोड. बेसमुळे एक्स्टेन्शन लागत नाहीत, नोरिस्टोअरमुळे बॅकअप नाही, दुसरी इनिटआरडी या नोंदीत नाहीच. यात मशीन काळ्या स्क्रीनवर कर्सरपर्यंत आलं तर हार्डवेअर आणि कर्नलचं जमतंय, दोष आपल्या सामानात आहे, मग आधी फक्त दुसरी इनिटआरडी जोडा, मग ऑनबूटमधली नावं अर्धी अर्धी करत लावा. यातही अडकलं तर आपलं काहीच लागलेलं नाही, तेव्हा रॅम तपासा, आणि बायोसमध्ये डिस्कचा मोड बदलून बघा. कोरी नोंद अडकत नाही आणि वायरलेस लावल्यावरच अडकतं असं निघालं तर एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी या कमांडमध्ये त्या दोन मशीनचं वायफाय कार्ड काय दिसतं आणि डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडच्या) शेवटच्या १५-२० ओळी काय येतात ते इथे टाका, त्यावरून फर्मवेअरचं नेमकं कुठलं एक्स्टेन्शन लागेल ते सांगता येईल.